बी. एन. आर.ची माणसे

रायपूर शहराच्या जुन्या भागात बूढा तलाव नावाचे विस्तीर्ण तळे आहे. आज त्यास विवेकानंद सरोवर म्हणतात. या तळ्याकाठची वस्ती ती बूढापारा. छत्तीसगढीत पारा म्हणजे मोहल्ला. 1877 साली कलकत्त्याचे एक वकील कामानिमित्त रायपुरास आले आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे कुटुंबही येथे राहावयास आले. त्या कुटुंबातील नरेंद्रनाथ नावाचा मुलगा पुढे स्वामी विवेकानंद या नावाने जगास ठाऊक झाला. रायपूरपर्यंत त्या वेळी रेल्वे नव्हती. म्हणून मंडळींना रानावनातून कित्येक दिवस बैलगाडीने यावे लागले.

ही हकिकत आरंभी सांगण्याचे कारण असे, की त्यानंतर अवघ्या एका तपाच्या आत त्या रानावनातून आगगाडी धावू लागली. सरकारने बांधलेली नागपूर–छत्तीसगढ ही मीटरमापी रेल्वे 1882 पर्यंत राजनांदगावास पोहोचली होती. 1887 साली बंगाल–नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा मार्ग आपल्या ताब्यात घेतला, रुंद केला आणि रायपूर व बिलासपूरवरून पूर्वेकडे नेला. 1 फेब्रुवारी 1891 रोजी नागपूर ते आसनसोल मालवाहतूक सुरू झाली. 1900 साली हावड्याशी थेट सांधा जुळला आणि त्याच वर्षी रायपूर–धमतरी ही छोटी गाडीही चालू झाली. या कंपनीचे भांडवल लंडनचे, मुख्य कचेरी कलकत्त्यास गार्डन रीचला आणि मोठा कारखाना खरगपुरास. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ती तंत्रज्ञानाची एक महाकंपनीच होती. वाफेचे इंजिन, तारायंत्र, सिग्नल आणि पोलादी पूल यांचे ज्ञान एका छत्राखाली बाळगणारी दुसरी संस्था या मुलखाने तोवर पाहिलेली नव्हती.

कंपनीच्या इतिहासात मैलांचा, पुलांचा आणि नफ्याचा हिशेब मिळतो. ज्यांनी आपले आयुष्य तिच्या सेवेत वेचले, त्यांच्या अनुभवाचा हिशेब मात्र तेथे सहसा मिळत नाही. तो मांडण्याचा अल्पसा यत्न आम्ही येथे करीत आहोत.

छत्तीसगढात मराठी माणूस रेल्वेबरोबरच आला असे नव्हे. 1741 साली भास्करपंतांची स्वारी झाली; 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले; तेव्हापासून मराठी कारकून, पुराणिक आणि शिलेदार या मुलखात नांदत होते. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि त्यांच्या वंशजांनी इंग्रजी कचेऱ्यांची वाट धरली. पुढे लोखंडी मार्गाचे एक टोक नागपुरास आणि मधले ठाणे रायपुरास असल्यामुळे नागपूरकडील इंग्रजी शिकलेल्या तरुणास रेल्वेची नोकरी हे साहजिकच मोठे आकर्षण ठरले. दरमहा ठरल्या दिवशी पगार, प्रवासाचा पास आणि म्हातारपणी प्रॉव्हिडंट फंड! शेतीच्या पावसाळी भरवशावर वाढलेल्या घरास हे सारे अपूर्वच होते.

पण कंपनीने पगार देण्यापूर्वी नोकरास एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे वेळ. 1906 पूर्वी भारतातील रेल्वेची घड्याळे मद्रासच्या वेळेवर चालत. रायपूर हे मद्रासच्या पूर्वेस असल्यामुळे तळ्यावरचा सूर्य स्टेशनावरच्या घड्याळापेक्षा सुमारे पाच मिनिटे पुढे असे. 1 जानेवारी 1906 पासून नवी प्रमाणवेळ आली आणि तोच सूर्य घड्याळाच्या तीन-चार मिनिटे मागे पडला. सूर्य होता तेथेच होता. हुकूम तेवढा बदलला होता. कंपनीच्या नोकरास दोन वेळा सांभाळाव्या लागत, घरच्या संध्येची एक आणि गाडीची एक. आणि दोहोंत तंटा झाला तर गाडीचीच वेळ खरी ठरे.

त्या कामातील जबाबदारीही तशीच कठोर होती. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनाकडून तारेने ‘लाइन क्लिअर’ मिळाल्यावाचून गाडी सोडावयाची नाही, हा नियम. आडरानातल्या स्टेशनावर रात्री एकट्या जागणाऱ्या मास्तराच्या हाती शेकडो प्राण असत. चूक झाली तर जाब त्यास द्यावा लागे. गाडी सुखरूप गेली तर त्याची नोंद नुसत्या एका ओळीची. कामाच्या तासांचे तर विचारूच नये. 1930 च्या कायद्याने सतत कामाच्या नोकरांस आठवड्याचे 60 तास आणि ज्यांचे काम थांबून थांबून चालते असे ठरवले गेले त्यांस 84 तास ही मर्यादा घातली. चौऱ्याऐंशी म्हणजे आठवड्याचे साती दिवस रोज बारा तास! ही मर्यादा सुधारणा म्हणून आली, एवढ्यावरून पूर्वीच्या स्थितीची कल्पना यावी. आणि तीही सर्व रेल्वेंना एकदम लागू झाली नाही.

यावर आणखी वर्णभेदाचे ओझे होते. 1921 साली ॲक्वर्थ समितीने अहवाल दिला, तेव्हा भारतीय रेल्वेंच्या सुमारे 7,10,000 नोकरांत युरोपियन अवघे 7,000 होते. पण वरच्या जागा त्यांच्याच. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाची उपमा समितीने या स्थितीस दिली. हुशार हिंदी कारकुनास आपली बढती कोठे अडणार, हे नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळून चुकत असे.

तरीही माणसे निष्ठेने राबली, कारण कंपनी आपल्याला टाकणार नाही हा विश्वास होता. हा विश्वास 1927 साली ढळला. फेब्रुवारीत खरगपुरास संप झाला, संपकऱ्यांवर गोळीबार झाला. रेव्हन समितीने रेल्वे कारखान्यांत माणसे अधिक असल्याचे आदल्याच वर्षी म्हटले होते. त्या धोरणानुसार खरगपूरच्या कारखान्यातील हजाराहून अधिक कामगार कमी करावयाचे ठरले आणि सप्टेंबरात लढा पुन्हा पेटला. तो डिसेंबरपर्यंत चालला. पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हे या कामगारांच्या संघटनेचे एक प्रमुख पुढारी होते. 1936 च्या डिसेंबरात पुन्हा मोठा संप झाला. आमच्या मते या लढ्यांचे मर्म केवळ पगारात नव्हते. ज्या यंत्राचा स्क्रू न् स्क्रू आपण ओळखतो, त्या यंत्राची मालक असलेली कंपनी आपणांस मात्र एका आकड्यापलीकडे ओळखत नाही, हा शोध त्यांच्या जिव्हारी लागला होता.

1 ऑक्टोबर 1944 रोजी कंपनी सरकारच्या ताब्यात गेली. पुढे 1955 साली या मार्गास दक्षिण-पूर्व रेल्वे हे नाव मिळाले आणि 2003 साली बिलासपूर हे नव्या विभागीय रेल्वेचे मुख्यालय झाले. कंपनीच्या नोकरीची ती जुनी गोष्ट तेथे संपली असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. आज रायपूरच्या मराठी घरांतील मुले-मुली पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे संगणकाच्या कंपन्यांत आहेत. कोणी सातासमुद्रांपलीकडे आहेत. त्यांचेही घड्याळ दूरदेशीच्या वेळेवर चालते. त्यांनाही चांगला पगार आहे, कामाचा अभिमान आहे. आणि 20 जानेवारी 2023 रोजी गूगलच्या पालक कंपनीने सुमारे 12,000 माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा पुष्कळांस ही वार्ता ईमेलने कळली. खरगपूरच्या कामगारांना निदान एकाच फाटकाबाहेर एकत्र उभे राहता आले होते. यांना प्रत्येकाला आपापल्या खोलीत एकट्यानेच ती वाचावी लागली.

म्हणून आमची वाचकांस एक विनंती आहे. आपल्या घरी आजोबा-पणजोबांचे बदलीचे हुकूम, फंडाचे कागद, आडगावच्या स्टेशनातून लिहिलेली पत्रे असतील, तर ती रद्दीत घालू नयेत. तीस वर्षे रात्रपाळी करणाऱ्या माणसाने घरी काय लिहिले, हे त्याच्या नातवंडांस ठाऊक असावे. कंपनीने त्याची नोंद एका ओळीत केली; आपण तरी तिच्यावर थांबू नये.