मॅके, जॉन

मॅके, जॉन : (अठराव्या शतकाचा उत्तरार्ध). मुंबईहून वायव्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर गेलेला आणि फरच्या व्यापारासाठी तेथे एकटाच मागे राहिलेला आयरिश माणूस. व्हँकूव्हर बेटावर राहिलेला पहिला यूरोपीय म्हणून तो ओळखला जातो.

कॅप्टन कुकच्या खलाशांनी या बेटावरील नुटका येथे किरकोळ वस्तूंच्या बदल्यात मिळवलेली समुद्री पाणमांजराची कातडी चीनमधील कॅन्टनला भारी किमतीला खपली होती. १७८४ मध्ये कुकच्या तिसऱ्या सफरीचा वृत्तान्त छापला गेला, तशी ही बातमी व्यापाऱ्यांत पसरली. मुंबईचा व्यापारी डेव्हिड स्कॉट आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास नोकरीतला जेम्स स्ट्रेंज यांनी ‘कॅप्टन कुक’ व ‘एक्सपेरिमेंट’ ही जहाजे सज्ज केली. डिसेंबर १७८५ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. शस्त्रवैद्याचा मदतनीस असलेला मॅके या ताफ्यात होता.

१७८६ च्या उन्हाळ्यात जहाजे नुटकाला पोहोचली. मॅके तापाने आजारी होता, पण मोवाचाट लोकांचा प्रमुख माक्विना याच्या मुलाचा त्वचारोग त्याने बरा केला आणि माक्विनाचा त्याच्यावर लोभ जडला. भाषा शिकावी, पुढच्या खेपेसाठी कातडी जमवावी, म्हणून स्ट्रेंजने त्याला बंदूक, बियाणे व शेळ्या देऊन तेथेच ठेवले. आजारी माणसाला असे सोडून जाणे निष्ठुरपणाचेच होते. ऑगस्टमध्ये आलेल्या जेम्स हॅनाने त्याला सोबत नेण्याची तयारी दाखवली. मॅकेने नकार दिला.

पुढे बंदूक गेली, अंगावरचे कपडेही गेले. माक्विनाच्या बाळाचा पाळणा ओलांडून त्याने तिथला निषेध मोडला, तेव्हा त्याला घराबाहेर काढण्यात आले. हिवाळ्यात अन्नाचे हाल झाले, तरी तो जगला तो या यजमानांच्याच आधाराने. बंदूक आणि बियाण्यांचा त्याला फारसा उपयोग झाला नाही. जून १७८७ मध्ये चार्ल्स बार्कलीच्या ‘इम्पीरियल ईगल’ने त्याला उचलले. त्याच्या ओळखीपाळखीचा फायदा बार्कलीच्या खरेदीला झाला. स्ट्रेंजची मोहीम मात्र सुमारे सहाशे कातडी मिळवून तोट्यातच गेली.

मॅकेची हकिकत मुख्यतः अलेक्झांडर वॉकरमुळे टिकली. मोहिमेतला हा तरुण अधिकारी मॅकेला पुढे १७८८ मध्ये भेटला. बडोद्याचा रेसिडेंट म्हणून १८०७ मध्ये काठेवाडच्या खंडणीचा करार घडवणारा वॉकर तो हाच. नुटकाच्या लोकांविषयी त्याने आस्थेने लिहिले. ते लेखन १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले.