पेशींचा सातबारा

खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवर एक टोपी माकडीण दुसरीच्या मानेवरचे केस बाजूला सारत उवा वेचत होती. थोराड नर जवळ आला तशी तिने दात विचकून अंग चोरलं. तो पुढे गेल्यावर पुन्हा उवा. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "रागाच्या, मायेच्या पेशी सापडल्यात आता. सगळं मेंदूत लिहिलेलं असतं." हे मत हल्ली सर्रास ऐकू येतं. मला ते मान्य नाही.

पूर्वपक्ष कच्चा नाही. 2011 साली डायू लिन आणि डेव्हिड अँडरसन यांनी नर उंदराच्या हायपोथॅलॅमसमधल्या इवल्याशा भागातल्या पेशी प्रकाशाने चेतवल्या, तर तो फुगवलेल्या हातमोज्यावरही तुटून पडला. 2023 अखेर उंदराच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा आला. त्यात पेशींचे पाच हजारांहून अधिक प्रकार आहेत.

पण अँडरसन यांच्याच प्रयोगशाळेने 2014 मध्ये त्याच भागातल्या, इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या पेशी चेतवल्या. प्रकाश मंद असताना नर समोरच्याला हुंगायचा, त्याच्यावर चढायचा. प्रखर केला की चावायचा. मग ही पेशी रागाची की शृंगाराची? 2017 चं त्यांचं काम तर मला सर्वांत मोलाचं वाटतं. अननुभवी नरासमोर नर आणा की मादी, इथल्या बऱ्याचशा त्याच पेशी जाग्या होतात. मादीचा सहवास घडल्यावर दोघांसाठीचे पेशीसमूह वेगळे होतात. म्हणजे हा भेद पेशीवर आधीपासून कोरलेला नव्हता. तो संगतीने आला. ऑक्सिटोसिनला प्रेमाचं रसायन म्हणणाऱ्यांनीही 2023 चा प्रयोग पाहावा: ऑक्सिटोसिन टिपणारा ग्राहीच नसलेल्या प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्यांनीही जोड्या जमवल्या.

सातबाऱ्यावर गट नंबर, क्षेत्र, पीक, सगळं असतं. त्याच्याशिवाय मावळात जमिनीचा व्यवहार होत नाही. पण कोणत्या भावाने कोणाशी बोलणं टाकलंय, ते त्यावर नसतं. त्यासाठी गावातच जावं लागतं. पेशींचा नकाशा हवाच. वाद आहे तो त्यावरून भाऊबंदकी वाचू पाहणाऱ्यांशी.

बंदिपूरच्या जंगलात अनिंद्य सिन्हा आणि सहकाऱ्यांनी याच टोपी माकडांची एक रीत नोंदवली आहे: पर्यटकांपुढे हात पसरून, विशिष्ट आवाज काढून खाऊ मागायचा. या मागणीचं मूळ शोधायचं तर माकडाच्या मेंदूइतकंच खाऊ देणाऱ्या हाताकडेही पाहावं लागेल.