जुन्नर-आंबेगावात प्राथमिक शाळा सरकारी, मग हायस्कूल खासगी का?

१/ जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातील एखादे मोठे गाव डोळ्यांसमोर आणा. प्राथमिक शाळा बहुधा जिल्हा परिषदेची. पुढचे विद्यालय मात्र एखाद्या संस्थेचे, म्हणजे कागदोपत्री खासगी. ही विभागणी योगायोगाने झालेली नाही. तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातील धोरणात आहे. #थ्रेड

२/ ब्रिटिश अमलापूर्वी पंतोजींच्या शाळा असत. ओसरीवर वा देवळात वर्ग भरे. पंतोजीला पालक धान्य किंवा थोडी रोकड देत. अक्षरओळख, मोडी, पाढे, हिशेब एवढाच अभ्यास. बहुतेक शेतकऱ्यांची, अस्पृश्यांची व आदिवासींची मुले आणि जवळपास सर्व मुली या ओसरीबाहेरच राहत.

३/ १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मांडले. पुढील दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्याचा एक तृतीयांश वाटा शिक्षणाचा. म्हणजे शिवनेरीच्या पायथ्याचा शेतकरी, त्याचा मुलगा शाळेत जावो न जावो, शाळेचा खर्च उचलू लागला.

४/ शहरात चित्र निराळे होते. १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक प्रभृतींनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. सरकारी नोकरीवाचून स्वाभिमानाने शिक्षण देता येते, हे त्यांना दाखवायचे होते. तेथे ‘खासगी’ या शब्दाला देशकार्याचा अर्थ लाभला.

५/ १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी दुसरी बाजू ठेवली. कर रयतेचा आणि लाभ वरच्या वर्गांचा, हा त्यांचा आक्षेप. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, लोकल फंडाचा निम्मा भाग त्यावर खर्चावा आणि सरकारने शिक्षणातून अंग काढू नये, असे त्यांनी बजावले. त्यांच्या सत्यशोधक समाजाला जुन्नर तालुक्यातील ओतुरात भक्कम पाठबळ होते.

६/ आयोगाने मात्र प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे आणि माध्यमिक शिक्षण शक्यतो अनुदानित खासगी संस्थांकडे सोपवावे, अशी शिफारस केली. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला. १ मे १९६२ पासून ग्रामीण भागात तो जिल्हा परिषदांकडे आला. आजच्या विभागणीचा पाया तो हा.

७/ मग खेड्यातले हायस्कूल कोण काढणार? सत्यशोधक विचारांत घडलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. मंचरचे महात्मा गांधी विद्यालय याच संस्थेचे. नारायणगावात ग्रामोन्नती मंडळाने हेच काम केले. सरकारने अंग काढू नये असे फुले म्हणाले होते. सरकारने जेथे हात आखडता घेतला, तेथे त्यांचेच अनुयायी उभे राहिले. ‘रयते’ची शाळा ‘खासगी’ ठरली ती अशी!

८/ या शाळांचे व्यवस्थापन संस्थेचे. पण अनुदानित शाळेतील मान्य शिक्षकांचे वेतन शासन देते. त्यांना निव्वळ खासगी म्हणणे अपुरे आहे.

९/ भीमाशंकराच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी व ठाकर वस्त्या विखुरलेल्या. तेथे रोजची पायपीट टाळण्यासाठी निवासी आश्रमशाळा आल्या: काही शासनाच्या, काही अनुदानित संस्थांच्या. शासकीय शाळांचा कारभार घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून चालतो. फुल्यांना अभिप्रेत असलेली सरकारची थेट जबाबदारी येथे काही अंशी उतरली.

१०/ २०१२ च्या स्वयंअर्थसाहाय्यित शाळा कायद्याने चित्र पालटले. येथे अनुदान नाही. खर्च मुख्यतः पालकांच्या शुल्कावर. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांना दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

११/ म्हणून ‘खासगी’ हा शब्द ऐकताच मत बनवू नका. शाळा कोणाच्या वर्गणीतून उभी राहिली, शिक्षकाचा पगार कोण देतो आणि दाराबाहेर कोण राहतो, हे आधी पाहा. १८८२ चा प्रश्न तोच होता: पैसा रयतेचा, तर शिक्षण कोणाचे? पिवळ्या बसमागे पट घटत चाललेल्या वाडीवरच्या शाळेला तो आजही लागू आहे.