काही करायचं नाही, फक्त सही

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा गुरुजींनी मला वाचनालयात बोलावून घेतलं. बाबांना आणि पुढे मलाही बाराखडी शिकवली ती त्यांनीच. म्हणाले, "विश्वस्त मंडळात तुझं नाव घातलंय. तरुण रक्त हवंच. तुला काही करायचं नाही, वर्षातून एकदा येऊन फक्त सही करायची." आणि इतिवृत्ताची वही पुढे सरकवली. जूनच्या सभेत माझी सर्वानुमते निवड झाली होती आणि मी 'समक्ष उपस्थित राहून' संमती दिली होती. जूनमध्ये मी पुण्यात ऑफिसात होतो.

"पुढच्या खेपेला करतो," असं पुटपुटून मी निघालो. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. न वाचलेल्या कोडला मंजुरी देऊ नये एवढं नोकरीने शिकवलंय. पण गुरुजींसमोर ते तोंडातून निघेना. मग मी माझ्या सवयीप्रमाणे वाचायला घेतलं. आपल्याकडे संस्था चालवण्याची जबाबदारी म्हणजे नेमकं काय, यावर आधी कुणी भांडलंय का? भांडलंय. आणि तेही मी रोज ज्या रस्त्याने ऑफिसला जातो, त्या रस्त्याला नाव देणाऱ्या कॉलेजच्या संस्थेत.

पण सुरुवात त्याआधीची. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा एक नियम मला फार आवडतो. सभासद व्हायचं तर किमान ५० लोकांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. म्हणजे बैठकीत बसणारा माणूस स्वतःपुरता बसत नसे, त्याच्या पाठीशी ५० माणसं असत. आज आपण मंडळावर नावं घेतो ती वजन पाहून: निवृत्त अधिकारी, डॉक्टर, पुण्यातला इंजिनिअर. या माणसाच्या मागे कोण आहे आणि तो कुणाला उत्तर देणार, हे विचारायचं राहून जातं.

दुसरा नमुना डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. एम. ए. होऊन आगरकर येऊन मिळाले. १८८४ मध्ये सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. इथे संस्था चालवायची ती आजीव सदस्यांनी. त्यांनी तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं शिकवायचं आणि कारभारही तेच पाहणार. कल्पना उदात्त होती, पण तिच्यात एक गाठ होती. शिकवणारे तेच, पगार ठरवणारे तेच आणि पगार घेणारेही तेच. बाहेरचं काम किती करायचं, हेही त्यांनी आपापसांतच ठरवायचं.

ती गाठ पुढे आवळत गेली. टिळकांचं म्हणणं असं की आजीव सदस्याने आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा, पगार सर्वांना सारखा असावा आणि बाहेरची कमाई संस्थेत जमा व्हावी. आगरकर आणि इतरांना हे जाचक वाटे. संसार वाढतो, गरजा सारख्या नसतात. ठरलेलं काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये या दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले होते. आता सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावरूनही त्यांचे मार्ग वेगळे झाले. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला.

शेवटची ठिणगी पडली ती गोखल्यांवरून. १८९० मध्ये तरुण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं. टिळकांना ते आजीव सदस्याच्या प्रतिज्ञेशी विसंगत वाटलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी भलंमोठं पत्र लिहून संस्थेचा राजीनामा दिला.

आपल्याकडे ही गोष्ट जहाल-मवाळांच्या भांडणाचा पहिला अंक म्हणून सांगितली जाते. मी ती विश्वस्त व्हायच्या आधी वाचत होतो, म्हणून मला तिच्यात दुसरंच दिसलं. वाद कुणी पैसे खाल्ले याचा नव्हताच. वाद होता तो माणूस संस्थेला नेमकं काय देणं लागतो याचा. टिळकांचं उत्तर होतं, सगळं. आगरकरांचं उत्तर होतं, कबूल केलं तेवढं, पण तेवढं पुरेपूर. आगरकर १८९५ मध्ये अकाली गेले तेव्हा कॉलेजचे प्राचार्य होते. ज्यांच्यावरून वाद झाला ते गोखलेही १९०२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं शिकवत राहिले. मला आगरकरांची बाजू अधिक पटते. पण दोघांपैकी एकाचंही उत्तर 'फक्त सही' असं नव्हतं.

आणखी एक धडा सार्वजनिक सभेनेच दिला. १८९५ मध्ये टिळकपक्षाने सभेच्या व्यवस्थापक मंडळाची निवडणूक जिंकली. गोखले बाहेर पडले आणि १८९६ मध्ये रानड्यांनी डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. मंडळात बहुमत मिळालं म्हणजे पाटी आणि दप्तर हाती येतं, माणसं येतातच असं नाही.

आजचा कायदा मात्र उदात्ततेच्या भानगडीत पडत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल कळवायचा, हिशेब ठेवायचे, दरवर्षी ते तपासून घ्यायचे. त्यात कुठेही 'ज्याला काही करायचं नसतं असा विश्वस्त' हा प्रकार नाही. सभेला न येणारा माणूसही विश्वस्तच, आणि जबाबदारी त्याच्यावरही.

संक्रांतीला पुन्हा गावी गेलो. तिळगूळ घेतला, पाया पडलो आणि म्हणालो, "गुरुजी, मला विश्वस्त व्हायला आवडेल. पण त्या सभेला मी नव्हतो, तेव्हा त्या पानावर सही करणार नाही. आणि आधी तीन वर्षांचे हिशेब बघायचे आहेत."

त्यांचा चेहरा उतरला. "माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुमच्यावर आहे. पण वर्गणी भरणाऱ्यांनी उद्या मला विचारलं, तर 'गुरुजींवर विश्वास होता' एवढंच सांगू का?"

त्यावर ते काही बोलले नाहीत. वही मिटून त्यांनी कपाटात ठेवली. परतताना एसटीत मला वाटत राहिलं की ज्या माणसाने अक्षर शिकवलं त्यालाच आपण अक्षर नाकारलं. तीन आठवडे त्यांचा फोन आला नाही. बाबाही माझ्याशी तुटक बोलत होते.

काल व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. गुरुजींच्या वळणदार अक्षरातली सभेची सूचना, तारीख पुढच्या महिन्यातली. विषय क्रमांक दोन, 'मागील दोन वर्षांचे हिशेब तपासलेले नाहीत, त्याबाबत'. विषय क्रमांक तीन, 'नवीन विश्वस्तांची निवड'. खाली एकच ओळ: "समक्ष हजर राहावे."

मी रजेचा अर्ज टाकला आहे.