गावनकाशा उलगडून पाहा

इंग्लंडात आपल्या गावाचा इतिहास लिहायला निघालेला माणूस आधी जुना नकाशा धुंडाळतो. चर्चला द्यावयाचा दशमांश धान्याऐवजी रोख रकमेत घेण्याचा कायदा तिथे 1836 साली झाला आणि त्यापायी हजारो गावांचे शेतन्‌शेत कागदावर आले. योगायोग असा, की त्याच सुमारास आपल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट हे इंग्रज अधिकारी जमीन मोजत होते. 33 फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. हेतू तिथेही कर, इथेही करच. पुढे सालारजंगांच्या काळात ही पद्धत निजामी मराठवाड्यातही आली.

आपल्याला मात्र गावनकाशा आठवतो तो बांधावरून भाऊबंदकी पेटली की! भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल काढायची, वकिलाच्या हाती द्यायची, संपले. त्याच कागदावर गायरान असते, पाणंद असते, गावठाण असते. काही गावांपुढे 'बेचिराख' असा शेरा असतो. माणसे उठून गेली, शिवाराला नाव तेवढे उरले. जायकवाडीच्या नाथसागरात बुडालेल्या गावांच्या वाटाही आता अशा कागदांवरच सापडायच्या.

आमच्या शहराचेच पाहा. 1610 मध्ये मलिक अंबरने वसवलेली खडकी, मग फत्तेनगर, मग औरंगाबाद, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. वरचे नाव बदलत गेले, पण करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा जागच्या जागी आहेत. मोगलांसोबत दख्खनेत आलेल्या राजपूत सरदारांच्या छावण्यांची ही नावे. पाठ्यपुस्तकात न मावणारा इतिहास रिक्षावाल्याच्या तोंडी रोज असतो.

खरी काळजी जमिनीखालची आहे. अंबरने बांधलेल्या नहरीचे पाणी भुयारांतून आणि खापरी नळांतून शहरभर फिरे. घराचा पाया खणणाऱ्याच्या हातातल्या नकाशावर ती नहर नसते. कुदळ बसते, नळ फुटतो आणि शेकडो वर्षांची वाट तिथेच बुजते. नहरीचा माग काढायचा तर जुने नकाशे आणि आजची मोजणी एकमेकांवर ठेवून पाहावी लागेल. हे काम महाविद्यालयातली मुलेसुद्धा करू शकतील.

अडचण लिपीची. निजामी काळातले कितीतरी महसुली कागद उर्दूत आहेत, जुने काही मोडीत. ते सहज वाचणारे डोळे आता थकत चालले आहेत. ज्याच्या घरात किंवा शेजारी उर्दू वाचणारे आजोबा असतील, त्याने आपल्या गावाची नक्कल या आठवड्यातच त्यांच्यासमोर उलगडावी. उजेड चांगला हवा आणि भिंगही जवळ असू द्यावे. शाई फिकट असते.