भोगवर्धनाची खेळणी

औरंगाबाद जिल्ह्यातील काही तालुके आणि परभणीचा परतूर तालुका एकत्र करून 1 मे 1981 रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला, तेव्हा भोकरदन तालुक्याचे महसुली दप्तर एका जिल्हा कचेरीतून दुसऱ्या जिल्हा कचेरीच्या ताब्यात गेले, आणि या स्थित्यंतराची यथासांग नोंद शासकीय राजपत्रात झाली. परंतु त्याच दशकात या गावातील मुलांच्या बाळपणात जो फेरफार झाला, त्याची नोंद घेणारा तलाठी मात्र कोणाला भेटला नाही. ही उणीव भोकरदनच्या बाबतीत विशेष खटकते, कारण बाहुल्या आणि मूर्ती यांच्या बाबतीत या गावाची कीर्ती जिल्ह्याच्याच काय, देशाच्याही सीमेपलीकडे गेलेली आहे.

केळना नदीच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. येथील दात्यांचे उल्लेख सांची व भारहूत येथील स्तूपांवरील शिलालेखांत आढळतात, आणि दक्षिणापथातील लोकांच्या गणनेत पुराणांनीही भोगवर्धनांना स्थान दिले आहे. 1973 साली नागपूर विद्यापीठ व मराठवाडा विद्यापीठ यांनी संयुक्तपणे येथे उत्खनन केले, शां. भा. देव व आर. एस. गुप्ते यांनी त्याचा वृत्तांत पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला. त्या मातीतून सातवाहनकालीन मणी निघाले, शंखाच्या बांगड्या निघाल्या, माणसांच्या व प्राण्यांच्या मृण्मूर्ती निघाल्या आणि हस्तिदंताची एक लहानशी, भग्न स्त्रीमूर्तीही निघाली. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरात 1938 साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी या मूर्तीचे साम्य इतके निकट आहे, की पाँपेईची ती सुंदरी याच परिसरात घडली असावी असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. मृण्मय प्राण्यांपैकी पूजेचे कोणते आणि पोरांच्या खेळण्यातले कोणते, हा वाद विद्वानांनी खुशाल चालवावा. पोळ्याच्या दिवशी सकाळी पाटावर पुजलेला मातीचा बैल संध्याकाळी अंगणात पोरांच्या हाती गेलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो वाद फारसा महत्त्वाचा वाटणार नाही.

कारण ऐंशीच्या दशकाच्या आरंभी भोकरदनच्या पोराजवळ जी खेळणी होती, त्यांतील बहुतेकांचा बाजाराशी संबंध नव्हता. नदीकाठच्या चिकणमातीचे बैल, ज्वारीच्या चिपाडांना बाभळीचे काटे टोचून जुळविलेली बैलगाडी, काठीने हाकलत न्यायचा सायकलचा जुना टायर, मुलींचे गजगे, मुलांच्या गोट्या, विटीदांडू आणि काडेपेट्यांचे जमविलेले छाप, एवढ्या भांडवलावर वर्ष निघे. विकतचे खेळणे हा जत्रेचा विषय. राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या दिवशी जी गर्दी लोटते, तिच्यात वडिलांचे बोट धरून गेलेल्या मुलाला पत्र्याची टिकटिकी किंवा पिपाणी मिळाली तर ते भाग्य. आणि तेलाच्या दिव्याच्या उष्णतेने परातीतल्या पाण्यात फटफट करीत फिरणारी पत्र्याची बोट मिळाली, तर त्याची वार्ता शाळेत आठवडाभर पुरे. वाचनाची सोय एस.टी.च्या टपावरून येणाऱ्या गठ्ठ्यांवर अवलंबून असे: 1952 पासून चालत आलेला ‘चांदोबा’, बालभारतीने 1971 साली सुरू केलेला ‘किशोर’, आणि गुरुजींच्या दृष्टीस पडू नयेत अशा बेताने दप्तरात दडविलेले इंद्रजाल कॉमिक्सचे अंक, ज्यांतील वेताळाची कवटीची गुहा पुष्कळांना अजिंठ्याच्या लेण्यांपेक्षा अधिक परिचयाची होती, यद्यपि अजिंठा येथून जवळ आहे.

अशा या संसारात दूरदर्शन अवतरले. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांनी रंगीत चित्र आणले, 30 ऑगस्ट 1983 रोजी अवकाशात गेलेल्या इन्सॅट-1 बी या उपग्रहाने दिल्लीचा कार्यक्रम देशभर पोचविण्याची सोय केली, आणि 1984 मध्ये ठिकठिकाणी लघुशक्ती प्रक्षेपकांची उभारणी इतक्या त्वरेने झाली, की तशी त्वरा शासनाने पाटबंधाऱ्यांच्या कामी दाखविली असती तर मराठवाड्याचे भाग्य उजळले असते. परंतु शंभर वॅटच्या त्या प्रक्षेपकांची पोच वीस-पंचवीस किलोमीटरांपलीकडे सहसा जात नसे. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या तालुक्याच्या गावी म्हणूनच धाब्यावर लोखंडी नळ्यांचे उंच खांब चढले, आणि एकाने वर अँटेना फिरवावी, दुसऱ्याने अंगणातून निरोप द्यावा व तिसऱ्याने खोलीतून ‘आलं, आलं, गेलं’ असा पुकारा करावा, हा घरोघरचा परिपाठ झाला. घरोघरचा म्हणजे ज्यांच्या घरी संच होता त्यांचा. आणि ज्याच्या घरी संच त्याच्या घरी अवघी आळी, असा अलिखित कायदा होता. संच बाळगण्यासाठी टपाल कचेरीत शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. ही पद्धत दशकाच्या मध्यास रद्द झाली, तरी परवान्याची ती पुस्तिका जमिनीच्या सात-बारासारखी जपून ठेवणारे गृहस्थ होतेच.

येथे एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या ध्यानात आणून देणे अवश्य आहे. 2 ऑक्टोबर 1972 पासून मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम पाहत वाढलेल्या मुलाचे दूरदर्शन आणि आमचे दूरदर्शन एक नव्हते. लघुशक्ती केंद्राचे काम मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठविण्याचे. त्यामुळे 7 जुलै 1984 रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’ या मालिकेतील उत्तरेकडचे कुटुंब मराठवाड्यातील मुलाला मुंबईच्या मराठी कुटुंबाआधी भेटले. त्यात त्याला परकेपणा फारसा वाटला नाही, याचे श्रेय त्याच्या आजोबांकडे जाते. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि मोडी व उर्दू या दोन्ही लिप्या वाचणारे वृद्ध ऐंशीच्या दशकात ओट्यावर बसलेले असत. नातवाला न समजलेला संवाद आजोबा समजावून देत, आणि बातम्यांतील ‘कार्यान्वयन’, ‘अधिसूचना’ अशा शब्दांचा अर्थ नातू आजोबांना सांगे.

25 जानेवारी 1987 रोजी ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारच्या सकाळी रस्ते ओस पडू लागले. संचाला हार घालणे, उदबत्ती लावणे, वीज गेल्यास ट्रॅक्टरची बॅटरी काढून बारा व्होल्टचा छोटा संच तिच्यावर चालविणे, हे सारे महाराष्ट्रातील कित्येक गावांनी केले. खेळण्यांच्या इतिहासात महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. मालिकेने पोरांच्या हाती धनुष्य दिले, पण ते दुकानातून आले नाही: बांबूची कामटी, सुतळी आणि चिपाडाचा बाण. 2 ऑक्टोबर 1988 पासून ‘महाभारत’ सुरू होताच त्याच पोरांनी डालड्याच्या डब्याच्या गदा केल्या. फनस्कूलसारखी कंपनी 1987 साली निघाली खरी, परंतु तिच्या पेट्यांतील सैनिक तालुक्याच्या बाजारात क्वचितच उतरले. दिल्लीहून आलेली गोष्ट येथे केळनेच्या काठच्या सामग्रीतच साकार झाली; ऐंशीच्या दशकातील बालपणाचे सांप्रत जे गुणगान चालते, त्यात आयात मोटारींचे व पेटीबंद बाहुल्यांचे वर्णन पुष्कळ असते, पण हा प्रकार जवळजवळ नसतो. ते स्मरणरंजन शहराचे आहे, आणि शहरानेच ते अवघ्या महाराष्ट्राच्या नावावर चढविले आहे.

चिपाडाची गाडी टिकत नाही, कच्च्या मातीचा बैल पावसात विरघळतो, डालड्याचा डबा भंगारात जातो. अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वीच्या भोगवर्धनाच्या मूर्तींचे मोजमाप, छायाचित्र आणि वर्णन ग्रंथात उपलब्ध आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या भोकरदनच्या खेळण्यांचे नाही. ज्यांना ती करता येतात ते आज पन्नाशीत आहेत. तेव्हा ज्या वाचकांपाशी काडेपेट्यांच्या छापांची वही, टीव्हीच्या परवान्याची पुस्तिका किंवा वेताळाचा फाटका अंक उरला असेल, त्यांनी त्यावर गाव व साल लिहून तो जवळच्या शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या स्वाधीन करावा. आणि ज्यांच्यापाशी काहीच उरले नसेल, त्यांनी येत्या सुगीनंतर चिपाडांची एक बैलगाडी करून द्यावी.