घरातली पाइपलाइन पूर्ण बदलायची की दुरुस्ती करायची? आधी हे तपासा

नळाची धार बारीक झाली म्हणून लगेच भिंत फोडू नये. एकाच नळाला पाणी कमी असेल तर त्याची जाळी साफ करावी. सगळ्यांनाच कमी असेल तर टाकीजवळचा व्हॉल्व्ह बघावा. बोअरच्या जड पाण्याचा क्षार तिथंही साचतो.

रात्री टाकीत येणारं पाणी आणि घरातले नळ बंद करून पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरली तर गळती नक्की.

जुना जीआय पाइप आतून गंजतो. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतंय, एकीकडे जोडलं की दुसरीकडे फुटतंय, तर तो बदललेलाच बरा.

गटारीजवळचा पाइप गळत असेल तर मात्र थांबू नका. नळाचं पाणी गेल्यावर रिकाम्या पाइपात घाण ओढली जाते. त्यातून जुलाब, कावीळ होते. दुरुस्तीपर्यंत पाणी उकळूनच प्यावं.

नवीन पाइप घेताना थंड पाण्याला यूपीव्हीसी (आयएस 4985), सोलर-गिझरच्या गरम पाण्याला सीपीव्हीसी (आयएस 15778) घ्यावा. पाइपवर आयएसआय मार्क बघूनच पैसे द्यावेत.